दाजींची साखळी, भाच्याचा मोबाईल आणि कोयनेकाठच्या हद्दी

ट्रेकचं वर्णन म्हणून वाचायला घेतलं असेल तर आधीच सांगतो, चार दिवसांत आम्ही किल्ला एकच बघितला आणि दगड मात्र पन्नासएक बघितले. तेही हद्दीचे.

झालं असं की गेली दोन वर्षं ऑफिस सुटल्यावर मी कोयनेच्या बॅकवॉटरचा, म्हणजे बामणोलीपासून पलीकडच्या कांदाटी खोऱ्यापर्यंतचा, चालणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल असा एक नकाशा करतोय. पायवाटा, पाणवठे, वाड्या, खिंडी, दांड म्हणजे डोंगराच्या खाली उतरणाऱ्या सोंडा, वहाळांची नावं, एवढंच. नकाशांबद्दलच्या २०२१ च्या नव्या नियमांनंतर आपल्यासारख्याला असले उद्योग करायला कुणाची परवानगी मागत बसावं लागत नाही, त्यामुळे उत्साह होता. पण कॉम्प्युटरवर एकावर एक नकाशे टाकायला लागलो आणि डोकं फिरलं. सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे डोंगर-दऱ्यांच्या उंचीसकटचा सरकारी नकाशा, एक सांगते, तलाठ्याकडचा गाव नकाशा दुसरं, फॉरेस्टचा नकाशा तिसरं आणि धरणासाठी जमीन घेतली तेव्हाचा संपादनाचा नकाशा चौथंच. एका गावची शीव चार ठिकाणी. हद्दीची डिजिटल फाईल मिळावी म्हणून एका कार्यालयात गेलो तर त्यांनी दुसऱ्याचं नाव सांगितलं, दुसऱ्यांनी तिसऱ्याचं, आणि तिसऱ्यांनी चहा पाजून परत पहिल्याकडे पाठवलं. म्हटलं जाऊदे, जागेवर जाऊन दगडच बघू.

सोबत आमचे दाजी. चौतीस वर्षं भूकरमापक होते, मोजणी करून करून पायाचे गुडघे गेले पण डोळे शाबूत. आणि त्यांचा पोरगा म्हणजे माझा भाचा, पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या मोबाईलमधे नऊ प्रकारची जीपीएस अॅप. ताईने निघताना कंदी पेढ्यांचा बॉक्स दिला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, ह्यांना चढ चढवू नको. दाजींनी ते ऐकलं. पुढचं काय व्हायचं ते झालंच.

दिवस पहिला : सातारा ते बामणोली

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. गवत वाळलेलं, हवा स्वच्छ, लांबचं दिसतं, नकाशाच्या कामाला हाच सीझन. यवतेश्वरचा घाट चढून कासला थांबलो. फुलं नसतात तेव्हा कासला कोणी फिरकत नाही आणि खरं सांगू, मला ते असंच आवडतं. नुसता काळा-तांबडा सडा, जांभ्या दगडाचा, वर वारा.

भाच्याला तिथंच पहिला धडा दिला. म्हटलं तू उभा आहेस ती जागा कुणाची सांग. तो म्हणाला फॉरेस्टची. बरोबर, पण पठार सांभाळायला आजूबाजूच्या गावांच्या समित्या आहेत, पलीकडचा तलाव सातारा नगरपालिकेचा, शहराला पाणी तिथनं येतं, आणि २०१२ पासून जागतिक वारसा म्हणून यादीत नाव. पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं आहेत त्या यादीत, त्यातली आपली चार, कास, कोयना, चांदोली, राधानगरी. भाचा म्हणाला मामा मग मालक कोण. दाजी गाडीतूनच ओरडले, "सातबारा बघ!"

संध्याकाळी बामणोलीला काठावर बसलो आणि तिथं पहिली गंमत. भाच्याने मोबाईल पाण्याजवळ धरला, म्हणाला, "मामा, तलाव ५८५ मीटरवर आहे." म्हटलं शक्यच नाही. शिवसागर, म्हणजे कोयनेचा हाच तलाव, पूर्ण भरला की पाणी साधारण ६५९ मीटरला असतं, आता उतरलंय, पण ७० मीटर उतरायला काय धरण फुटलंय का. आमची वादावादी चालली होती तेवढ्यात शेजारी दोर गुंडाळत बसलेले बोटवाले काका म्हणाले, "एकवीसशे पस्तीस फूट हाय आज. पेपरात येतंय की." इथल्या लोकांना पाण्याची पातळी फुटातच पाठ असते. २१३५ फूट म्हणजे बरोब्बर साडेसहाशे मीटरच्या जवळ. मग ट्यूब पेटली. त्या अॅपने समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवलीच नव्हती, पृथ्वीचा जो गणिती अंडाकृती आकार जीपीएस धरतं त्याच्यापासूनची दाखवली होती, आणि आपल्या भागात त्या दोन्हीत साठ-सत्तर मीटरचा फरक पडतो. सेटिंग बदललं, ६५१ आलं. काकांना पेढा दिला. पुढचे तीन दिवस रोज सकाळी काठावर यायचं, काकांना विचारायचं आणि माझ्या घड्याळातला हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक त्या आकड्याला लावायचा, असं ठरलं. हवा बदलली की तो एका दिवसात वीसएक मीटर सहज भरकटतो, त्यामुळे रोज लावायला लागतो.

दिवस दुसरा : वासोटा

सकाळी फॉरेस्टचा फॉर्म, आधारकार्डाच्या झेरॉक्स, फी, मग बोट. तासाभराच्या वर लागतो. मेट इंदवलीला उतरल्यावर चौकीवर सॅकमधल्या प्लास्टिकच्या बाटल्या, पुड्या मोजून लिहून घेतात आणि डिपॉझिट ठेवतात, परत येताना तेवढं दाखवायचं. ही पद्धत मला फार आवडते. राज्यातल्या सगळ्या किल्ल्यांना लावली तरी चालेल.

वाटेबद्दल जास्त लिहीत नाही, वासोट्याची वाट आता सगळ्यांना माहितीये. दाट जंगल, खाली पालापाचोळा, एक शेकरू दिसलं, गव्याचं शेण दोनदा. आमचं लक्ष स्क्रीनकडे. झाडीत जीपीएसचं काय होतं ते एकदा बघाच, चाललो सरळ आणि ट्रॅक उमटला कोळ्याच्या जाळ्यासारखा, एका ठिकाणी तर आम्ही दरीत पडून परत वर आलोय असं दिसतं. म्हणून मी दोन यंत्रं वेगवेगळ्या खिशात ठेवतो आणि येताजाता चारही रेघांचा मध्य काढतो. उपग्रहाच्या उंचीच्या डेटाचंही तसंच. एसआरटीएम म्हणून जो फुकट डेटा सगळे वापरतात तो फेब्रुवारी २००० मधे अमेरिकेच्या स्पेस शटलमधून अकरा दिवसांत रडारने घेतलेला. त्या रडारला दाट जंगलात जमीन दिसतच नाही नीट, झाडांचे शेंडेच दिसतात. म्हणजे त्यावरनं काढलेले कंटूर, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, हे जंगलाच्या डोक्यावरनं फिरतात. आणि तलावाचा भाग तर नुसता सपाट, त्या फेब्रुवारीत पाणी जिथं होतं तिथं कापलेला, खालचं खोरं त्याला माहितीच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

दाजी वर आले. ताई वाचत असेल तर, मी नको म्हणालो होतो.

बाबूकड्याच्या समोर जाऊन बसलो. ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, घोड्याच्या नालासारखा आत वळलेला काळा कडा, समोर जुना वासोटा, खाली कोकण. टोपोशीटवर, ती ४७ जी/१० नंबरची, कंटूर वीस-वीस मीटरवर असतात. इथं ते सगळे एकमेकांना चिकटून एकच जाड तपकिरी रेघ होते आणि मग छापणाऱ्याने हात टेकून कड्याची खूण काढलीये. दाजी बराच वेळ खाली बघत होते, मग म्हणाले,

"जिल्ह्याची हद्द कड्यावरनं जाते म्हणतोस. धारेवरनं का तळातनं?"

"दाजी, नकाशात दोन्ही एकच की. वरनं बघितल्यावर."

"नकाशात एकच. पण मधल्या कपारीत एखादा दगड पडला तर पंचनामा साताऱ्यानं करायचा का रत्नागिरीनं?"

भाचा हसत सुटला पण प्रश्न खोटा नाही. खाली खेड तालुका, चोरवणे वगैरे गावं, नागेश्वरला तिकडनं लोक चढून येतात, वर जावळी तालुका. आणि या सगळ्यावर आडवी पसरलेली जंगलाची व्यवस्था. समोरच्या एका अंजनाच्या झाडाकडे बोट दाखवून मी भाच्याला हिशोब सांगितला, हे झाड जागचं हललं नाही पण १९८५ ला ते कोयना अभयारण्यात गेलं, २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, २०१२ ला जागतिक वारशात. त्याच्या आधीपासून राखीव जंगल असेल ते वेगळं, आणि महसुलाच्या दप्तरात आजही ते कुठल्यातरी गावच्या शिवारातच आहे. व्याघ्र प्रकल्प तर चार जिल्ह्यांत, सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, क्षेत्र ११६५ चौरस किलोमीटरच्या वर. दरवेळी एक नवीन रेघ आली आणि जुनी कोणी पुसली नाही. दाजी म्हणाले फेरफार नोंदीसारखंच झालं की, फक्त झाडाला नोटीस येत नाही.

उजेडात खाली यावंच लागतं, मुक्काम चालत नाही. प्लास्टिक दाखवून डिपॉझिट घेतलं. एक बिस्किटाचा कागद कमी होता, भाच्याच्या खिशात सापडला.

दिवस तिसरा : पलीकडच्या काठावर

हा दिवस खरा. गावाचं नाव लिहीत नाहीये, कारण तिथं हद्दीवरनं आधीच ताप आहे लोकांना आणि माझ्यामुळे त्यात भर नको. कांदाटी खोऱ्याच्या बाजूची, महाबळेश्वर तालुक्यातली एक वाडी, पंधरा-सोळा घरं, त्यातली निम्मी कुलूपबंद, माणसं मुंबईला. बोटीने पलीकडे, मग वडापच्या जीपमधे तेरा जणांत आम्ही तिघं, शेवटचा तुकडा पायी.

वाडीच्या वर रानाच्या कडेला फॉरेस्टच्या हद्दीचा बुरूज आहे, दगडांचा रचलेला, वर चुना मारलेला. त्याच्या खाली उतारावर शेतजमिनीच्या गटाच्या हद्दीचा दगड, अर्धा मातीत गेलेला, दाजींना नुसत्या पायाने चाचपून सापडला. मला दोन्हीतलं अंतर हवं होतं, कारण दोन्ही नकाशांवर या दोन रेघा एकमेकांना छेदतात आणि जागेवर तर मधे मोकळा पट्टा दिसतोय. भाच्याने मोबाईलने मोजलं, ७१ मीटर. परत मोजलं, ५८. तिसऱ्यांदा ६६.

दाजींनी सॅक उघडली आणि आतून साखळी काढली. खरी साखळी! जुन्या बाजारातनं घेतलेली, कड्यांची, ३३ फुटी. मी म्हटलं हे ओझं घेऊन तुम्ही काल वासोटा चढलात? ते काही बोलले नाहीत. भाच्याला एक टोक दिलं, म्हणाले उतारावर साखळी जमिनीवर टाकायची नाही, आडवी ताणून धरायची, खालच्याने हात वर करायचा आणि ओळंबा सोडायचा, नाहीतर तू डोंगराची कातडी मोजशील, नकाशातलं अंतर नाही. पोरगा दोनदा घसरला, एकदा करवंदीच्या जाळीत गेला. आकडा आला सहा साखळ्या चार आणे. साखळीचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे, आणि एक साखळी लांब एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, हे भाच्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. गुंठ्याचे १०८९ स्क्वेअर फूट कुठनं आले ते आता पुण्यातल्या बिल्डरलाही सांगेल. तर सहा साखळ्या चार आणे म्हणजे २०६ फूट, त्रेसष्ट मीटरला थोडं कमी. परत मोजलं, तेवढंच. मोबाईल गपचूप खिशात गेला.

तो त्रेसष्ट मीटरचा पट्टा कुणाचा हे मात्र साखळीनेही कळलं नाही. त्यात तीन घरांची नाचणीची वावरं आहेत. गाव नकाशात ती गटात, फॉरेस्टच्या नकाशात ती रानात. गावातल्या एका आण्णांनी सांगितलं की धरणाचं पाणी आलं तेव्हा खालची वाडी उठली. बरीच घरं सोलापूर, रायगड, ठाण्याकडं गेली, जी राहिली ती वर सरकली. वर सरकली म्हणजे कुठं, तर जिथं सपाटी मिळाली तिथं. आता त्या सपाटीवर कागद कुणाचा हे १९६१ साली पाणी मागं लागलेलं असताना कोण विचारत बसणार होतं? त्यात २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणीचा इको-सेन्सिटिव्ह झोन, घराला चार पत्रे वाढवायचे तरी धास्ती. आण्णा शांतपणे म्हणाले, "आमचं एकच म्हणणं हाय. कुणाचंबी असूद्या, पण एकाचं असूद्या."

दुपारी आण्णांच्या आईने पिठलं-भाकरी आणि खर्डा वाढला. आजी सत्तरीच्या पुढच्या, पाणी आलं तेव्हा सात-आठ वर्षांच्या होत्या. जेवण झाल्यावर मी लॅपटॉपवर जुना एक इंची नकाशा काढला, धरणाच्या आधीचा. त्यात आत्ता जिथं निळं पाणी आहे तिथं खोरं आहे, कंटूर आहेत, नदी आहे, काठाने गावं आहेत, देवळाच्या बारीक खुणा आहेत. मी तो आजच्या उपग्रहाच्या फोटोवर बसवला होता आणि त्यातली एक देवळाची खूण पाण्यात पडत होती. आजींना अंगणातून पाण्याकडे बोट करून दाखवलं, म्हटलं आजी, तुमचं जुनं देऊळ तिथं होतं बघा, त्या बोटीच्या रेषेत.

आजींनी नुसतं बघितलं. मग म्हणाल्या, "न्हाय."

"नकाशात तिथंच आहे आजी."

"न्हाय रं लेकरा. ते लय पल्याड दाखवतूयास. जरा अल्याड. आन डावीकडं. त्यो दांड खाली येतोय न्हवं, त्याच्या नाकासमूर. आमी दांडावरनं उतरलो की दारातच."

"किती अलीकडं?"

"दोन वावरं."

मी मनात म्हटलं साठ वर्षांपूर्वीची आठवण आहे, होतं मागंपुढं. हो हो म्हटलं आणि लॅपटॉप मिटला. दाजींनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. परतीच्या बोटीत म्हणाले, "मोजणीला गेलो की आधी गावातल्या म्हाताऱ्याला बांधावर उभं करायचो आम्ही. मग मोजणीचं टेबल लावायचो. तू उलटं केलंस."

रात्री बामणोलीला झोप येईना म्हणून परत उघडून बसलो आणि साडेअकराला चूक सापडली. आपल्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्टच्या मापावर काढलेल्या असतात, १८३० साली पृथ्वीचा जो आकार धरला होता त्याच्यावर, आणि आजचं जीपीएस वेगळा आकार धरतं. त्यामुळे जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे आज टाकले तर जागा सरकते. हे मला माहिती आहे, बाकीच्या सगळ्या शीटना मी दुरुस्ती लावली होती. या एकाच स्कॅनला लावायची राहिली होती. लावली. देवळाची खूण सरकली, वायव्येला, साधारण १३५ मीटर. पश्चिम काठावरनं पाण्याकडे तोंड करून उभं राहिलं तर वायव्य म्हणजे काय? अल्याड आन डावीकडं. खूण जाऊन बसली ती बरोबर दांडाच्या नाकासमोर.

भाच्याला उठवून दाखवलं. तो अर्धवट झोपेत म्हणाला, "आजींना प्रोजेक्शन कळतं?" दाजी जागेच होते बहुतेक, पांघरुणातनं आवाज आला, "दोन वावरं म्हणल्या होत्या."

दिवस चौथा : परत

सकाळी काठावर काकांना पातळी विचारली, दोन बोटं उतरलीये म्हणाले. मग गाडी, वाटेत कासच्या जवळ चहा, दुपारी दोनला घरी. ताईने दाजींचे पाय बघितले आणि मला जेवायला न वाढता स्वयंपाकघरात निघून गेली.

आता नकाशाचं. घरी येऊन तीन गोष्टी ठरवल्या, पटतील न पटतील. हद्दीच्या रेघा मी काढणार नाही, कुठल्याच खात्याच्या. फक्त जागेवर जे डोळ्यांनी दिसलं ते, बुरूज इथं, गटाचा दगड इथं, अमुक तारखेला बघितला, एवढे ठिपके. रेघ काढली की ती खरी वाटायला लागते, आणि त्या त्रेसष्ट मीटरच्या पट्ट्यावर माझ्यासारख्या हौशी माणसाची रेघ कुणीतरी उद्या पुरावा म्हणून फिरवेल. दुसरं, व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातल्या ज्या वाटांवर जायला परवानगी नाही त्या माझ्याकडे रेकॉर्ड असल्या तरी टाकणार नाही, भाच्याशी यावर भांडण झालं, तो म्हणतो माहिती लपवायची नसते, मी म्हणतो गव्याला वाचता येत नाही म्हणून त्याच्या वतीने मी लपवतोय. भांडण चालू आहे. आणि तिसरं, पाण्याखालचं खोरं जुन्या शीटवरनं फिकट तपकिरी कंटूरने निळ्या रंगाच्या खालून दाखवायचं, गावांच्या नावांसकट, देवळासकट.

त्याचा एक ए-थ्री प्रिंट काढून लॅमिनेट करून वडापवाल्याच्या हाती आजींना पाठवला. आठवड्याने आण्णांचा फोन आला. नातवानं सगळी नावं वाचून दाखवली म्हणाले, देऊळ आईला पटलं, आणि वहाळाचं एक नाव चुकलंय ते त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. मग फोन आजींनीच ओढून घेतला असावा.

"देऊळ घातलंस ते बरं केलंस. पर त्याच्या म्होरं हीर व्हती, ती कुटं गेली?"

विचारलं किती लांब. म्हणाल्या, घागर घेऊन गेलं की खांदा दुखायच्या आत.

दाजींना फोन लावलाय, त्याचे आणे किती होतात ते विचारायला.